कोरडा पट्टा दिसलाच पाहिजे: मॅटप्लॉटलिबमध्ये पावसाचा नकाशा रंगवताना

आमच्या भागात निघणाऱ्या एका शेतीविषयक मासिकासाठी महाराष्ट्राच्या सरासरी वार्षिक पावसाचा नकाशा करायचा होता. मासिकाची आतली पानं काळी-पांढरी, इंटरनेटवरची आवृत्ती रंगीत. एकच नकाशा दोन्हीकडे चालायला हवा होता. माझं रोजचं काम पायथनमधलं, त्यामुळे तो मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख-चित्रं काढणाऱ्या लायब्ररीत काढायचा हे ओघानंच आलं. जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत नीट बघता यावेत म्हणून ही लायब्ररी लिहायला घेतली आणि २००३ साली सगळ्यांसाठी खुली केली. २०१२ मध्ये ते गेले. त्यांच्या कामावर आपण इतकं उभं केलंय, की त्यांचं नाव आधी घ्यावंसं वाटलं.

जिल्हावार आकडे हाताशी होते, म्हणून पहिला नकाशा जिल्ह्यांचा. प्रत्येक जिल्हा म्हणजे एक बहुभुज, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या भाषेत एक पॅच. सगळे पॅच एका पॅचकलेक्शनमध्ये, म्हणजे पॅचांच्या संग्रहात घालायचे, त्याला आकड्यांची यादी द्यायची आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवणारी रंगपट्टी सांगायची. मी वापरली त्या आवृत्तीत आकार जोडले म्हणून चौकट आपोआप त्यांच्याभोवती बसत नाही. आखणी ० ते १ अशीच राहते आणि महाराष्ट्र तर ७२ ते ८१ रेखांशांच्या मधला. ऑटोस्केल_व्ह्यू असं वेगळं सांगितलं की नकाशा समोर येतो.

आला, पण त्यात काही जिल्हे समुद्राइतकेच पांढरे होते. यामागचं कारण इथं नकाशे करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतं. सीमांची फाइल जुनी असेल तर तिच्यात ३५च जिल्हे असतात, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. एका तक्त्यात उस्मानाबाद, दुसऱ्यात धाराशिव. एकात अहमदनगर, दुसऱ्यात अहिल्यानगर. नाव जुळलं नाही की त्या आकाराला आकडा मिळत नाही, आणि आकडा नसलेल्या आकारासाठी रंगपट्टीत मुळात ठरलेला रंग पूर्ण पारदर्शक असतो. मागचा कागद दिसतो, इतकंच. सेट_बॅड वापरून मी त्या जागी ठसठशीत राखाडी रंग दिला. नावं जुळवून झाल्यावरही तो तसाच ठेवला. माहिती नसणं आणि पाऊस नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नकाशावर तो दिसायलाच हवा.

हा नकाशा संपादकांना पाठवला. त्यांचा फोन आला. "ताई, काम नेटकं आहे. पण आमचा वर्गणीदार आटपाडीचा, सांगोल्याचा, दहिवडीचा. कोकणात पाऊस पडतो हे त्याला सांगायची गरज नाही. त्याचा मुलूख यात कुठं वेगळा दिसतोय?"

प्रश्न अगदी रास्त होता. नकाशात दोनच गोष्टी दिसत होत्या: गडद कोकण आणि फिकट उरलेला महाराष्ट्र. पुढचं सगळं काम मी या एका प्रश्नासाठी केलं.

पहिला अडथळा जिल्हा हाच होता. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. त्याच जिल्ह्यात माण आहे, जिथं तो पाचशेच्या आतबाहेर असतो. दोघांची सरासरी काढून जिल्हा एका रंगात रंगवला तर तो रंग कुणाचाच नाही. पुणे जिल्ह्यात मावळ-मुळशी आणि इंदापूर-दौंड, नाशकात इगतपुरी आणि येवला, कोल्हापुरात गगनबावडा आणि शिरोळ, अहिल्यानगरात घाटघर-भंडारदऱ्याचा अकोले तालुका आणि बाकीचा जिल्हा. सह्याद्रीला लागून असलेल्या जवळपास प्रत्येक जिल्ह्याची हीच कथा. त्यामुळे तालुक्यांवर उतरणं भागच होतं. आकार छत्तीसांवरून साडेतीनशेच्या पुढे गेले.

दुसरा अडथळा जास्त खोल होता. काही सांगितलं नाही तर मॅटप्लॉटलिब सगळ्यात लहान आकडा रंगपट्टीच्या एका टोकाला ठेवतं, सगळ्यात मोठा दुसऱ्या टोकाला, आणि मधलं अंतर समान वाटून देतं. पट्टी साधारण ४०० ते ६००० मिलिमीटर. तिच्यात रंग २५६. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ५०० आणि ८०० मिलिमीटर म्हणजे दोन वेगळी आयुष्यं: एकीकडे बाजरी, मटकी आणि टँकर, दुसरीकडे सोयाबीन आणि मागाहून हरभरा. पण या पट्टीवर त्या तीनशे मिलिमीटरच्या वाट्याला २५६ पैकी तेरा-चौदाच छटा येतात, त्याही एकमेकींना चिकटलेल्या. उरलेल्या बहुतेक छटा घाटमाथ्यावरच्या मूठभर तालुक्यांवर खर्च होतात.

लॉगनॉर्म वापरून पट्टी ताणता येते. मी ते करून पाहिलं, चित्र लगेच सुधारलं. तरी मला ते पटलं नाही, कारण लॉगरिदमिक पट्टीवरून, म्हणजे समान अंतरावर आकडा समान पटीनं वाढतो अशा पट्टीवरून, आकडा वाचण्याची सवय आपल्याकडे कुणालाच नाही. त्याऐवजी बाउंड्रीनॉर्म घेतलं: आपणच सीमा ठरवायच्या, दोन सीमांमधल्या सगळ्यांना एकच रंग. मी ४००, ५५०, ७००, ९००, १२००, २०००, ३५०० आणि ६५०० अशा सीमा धरल्या. सात गट झाले, त्यातले तीन ९०० च्या खाली. सीमांमधली अंतरं असमान आहेत आणि ती मुद्दाम असमान आहेत. जिथं शंभर-दीडशे मिलिमीटरनं पीक बदलतं, तिथं गट अरुंद. जिथं हजार मिलिमीटर इकडेतिकडे झाल्यानं भाताला फारसा फरक पडत नाही, तिथं रुंद.

तालुके आणि गट दोन्ही लागले तेव्हा पडद्यावर पहिल्यांदाच पर्जन्यछायेचा प्रदेश उमटला. नाशिकच्या पूर्वेकडून खाली अहिल्यानगर, पुण्याची पूर्व बाजू, माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत असा सलग पट्टा, सह्याद्रीला समांतर. पूर्वेला पाऊस पुन्हा वाढत भंडारा-गडचिरोलीपर्यंत जातो, तेही दिसलं. शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ केलेली गोष्ट आपल्याच आकड्यांमधून वर आली की फार आनंद होतो.

मग रंग कोणते? मॅटप्लॉटलिबची २.० ही आवृत्ती जानेवारी २०१७ मध्ये आली. तिच्यात काही न सांगता मिळणारी पट्टी म्हणून जुनी इंद्रधनुषी 'जेट' हटली आणि 'व्हिरिडिस' आली. व्हिरिडिस चांगलीच आहे. तिचा उजळपणा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सतत वाढत जातो, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या छपाईतही क्रम टिकतो. जेटमध्ये निळं टोक आणि लाल टोक राखाडीत जवळजवळ सारखं दिसतं. अशा पट्टीत पावसाचा नकाशा छापला तर महाबळेश्वर आणि माण एकाच रंगाचे होतील. पण व्हिरिडिसमध्ये कमी आकड्याला गडद जांभळा आणि जास्तीला पिवळा. आपल्या डोळ्याला पाणी निळं आणि जास्त पाणी गडद हेच सहज वाटतं. म्हणून मी सिंथिया ब्रूअर यांच्या पट्ट्यांमधली पिवळ्याकडून हिरव्यामार्गे निळ्याकडे जाणारी पट्टी घेतली. त्यांच्या पट्ट्या नकाशांसाठीच तयार झालेल्या आहेत आणि मॅटप्लॉटलिबमध्ये आधीपासून असतात.

या पट्टीचं अगदी फिकट टोक जवळजवळ कागदासारखं असतं. म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, तोच कोरडा पट्टा पुन्हा रिकामा वाटणार. पट्टी जशीच्या तशी न घेता तिचा सुरुवातीचा आठवा भाग मी सोडून दिला, उरलेल्यातून सात रंग काढले आणि त्यांची लिस्टेडकलरमॅप, म्हणजे मोजक्या रंगांची पट्टी, तयार केली. तपकिरीकडून हिरव्या-निळ्याकडे जाणारी दुहेरी पट्टीही लावून बघितली. पडद्यावर ती सगळ्यात बोलकी होती. पण तिची दोन्ही टोकं गडद. काळ्या-पांढऱ्या पानावर ती चालणारच नव्हती.

आता कडा. आकाराच्या आतल्या भागाचा रंग फेसकलर, कडेचा एजकलर, कडेची जाडी लाइनविड्थ. नुसतं 'कलर' सांगितलं तर दोन्हींना एकच रंग लागतो, म्हणून तो शब्द मी पॅचसाठी वापरतच नाही. पूर्वी प्रत्येक आकाराला काळी कड मिळायची, २.० पासून भरलेल्या आकारांना बहुतेक ठिकाणी कडच मिळत नाही, ती मागावी लागते. आणि जाडी मोजली जाते पॉइंटमध्ये, म्हणजे इंचाच्या ७२ व्या भागात. नकाशाच्या अंशांशी तिचा संबंध नाही.

हे शेवटचं वाक्य छपाईसाठी काम करणाऱ्यानं भिंतीवर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. मासिकात नकाशाला साडेचार इंच रुंदी होती. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सव्वाआठ अंशांचा, म्हणजे एक अंश साधारण अर्ध्या इंचात. लहान तालुका ०.३ अंशाचा धरला तर छापील पानावर तो अकरा-बारा पॉइंटांचा ठिपका. त्याला चारी बाजूंनी एक पॉइंटची काळी रेघ दिली की तिचा निम्मा भाग आत येतो आणि तालुक्याच्या क्षेत्रफळाचा सहावा हिस्सा रेघेखाली जातो. जिथं तालुके लहान आणि दाटीवाटीचे, तो भाग उगाच गडद दिसू लागतो. जास्त पाऊस असल्यासारखा. म्हणून फिगसाइझ, म्हणजे चित्राचा आकार, सुरुवातीपासूनच छापायच्या मापाचा ठेवायचा आणि जाड्या त्या मापावर ठरवायच्या. मोठं चित्र काढून नंतर लहान केलं की सगळ्या रेघा, अक्षरं, रेखाछटा यांचं गणित फिरतं.

तालुक्यांना मी पांढरी ०.२ पॉइंटची कड दिली. जिल्ह्यांच्या सीमा वेगळ्या संग्रहात, आतून रिकाम्या, गडद राखाडी, ०.६. राज्याची बाह्यरेषा त्याहून जाड. कोण कुणाच्या वर हे झेडऑर्डर ठरवतो. पॅचांना मुळात १ मिळतो, रेषांना २, मजकुराला ३. पण आपले तीन-चार संग्रह सगळे १ वरच असतील तर जो नंतर जोडला तो वर. तसा तो क्रम योगायोगावर सोडण्यापेक्षा मी प्रत्येकाला स्पष्ट आकडा दिला: तालुके, त्यावर रेखाछटा, मग जिल्हे, राज्य, सह्याद्रीची रेषा, आणि सगळ्यात वर नावं.

बाह्यरेषा जाड करताच कोकणच्या किनाऱ्यावर पीडीएफमध्ये बारीक काटे उभे राहिले. खाड्यांमुळे तिथं सीमा सारखी टोकदार वळते आणि पॅचचे कोपरे मुळात अणकुचीदार जोडले जातात. जॉइनस्टाइल 'राउंड' केली, काटे गेले.

अल्फावर, म्हणजे पारदर्शकतेवर, मी बराच वेळ घालवला आणि शेवटी ती वगळली. मनात कल्पना अशी होती की खाली डोंगररांगांची राखाडी सावली ठेवायची आणि वर पावसाचे रंग थोडे पारदर्शक, म्हणजे सह्याद्री आणि पाऊस यांचं नातं एका नजरेत कळेल. चित्र दिसायला देखणं झालं. पण रंग खालच्या राखाडीत मिसळला की तो नकाशाशेजारच्या रंगसूचीतल्या रंगाशी जुळत नाही. घाटातल्या उतारावरचा मधला निळा आणि पठारावरचा गडद निळा एकसारखे वाटू लागतात. जो नकाशा आकडा वाचण्यासाठी आहे, त्यात हे चालणार नाही असं माझं ठाम मत झालं. शिवाय अल्फा पूर्ण पॅचला दिली तर कडही पारदर्शक होते, आणि कडेचा आतला निम्मा भाग भरावावर चढल्यानं प्रत्येक तालुक्याभोवती दुरंगी पट्टी उमटते. ती टाळायची तर पारदर्शकता फेसकलरच्या चौथ्या आकड्यात द्यावी, कड तशीच राहते. सह्याद्रीसाठी मी एक साधी रेषा काढली. तेवढ्यानंही नातं कळतं.

काळ्या-पांढऱ्या पानासाठी खरा आधार मिळाला तो हॅचचा, म्हणजे रेखाछटांचा. सात राखाडी छटा वृत्तपत्री कागदावर वेगळ्या ओळखू येत नाहीत, चार-पाचपर्यंत ठीक. म्हणून कोरड्या दोन गटांवर तिरप्या रेघा घालायच्या ठरवल्या: सगळ्यात कोरड्या गटावर दाट, त्यापुढच्यावर विरळ. तिरकी रेघ जितक्या वेळा लिहावी तितकी छटा दाट होते. अडचण अशी की पॅचकलेक्शनमध्ये रंग प्रत्येक आकाराला वेगळा देता येतो, हॅच मात्र सगळ्या संग्रहाला एकच. मग त्या दोन गटांतले तालुके पुन्हा दोन स्वतंत्र संग्रहांत घेतले, फेसकलर 'नन' (म्हणजे रंगच नाही), लाइनविड्थ शून्य, एजकलर काळा. कड शून्य जाडीची असली तरी मी वापरली त्या आवृत्तीत रेखाछटा एजकलरचाच रंग घेते, त्यामुळे सीमेवर काही न येता आत फक्त रेघा येतात. रंगीत आवृत्तीत त्याच रेघा गडद तपकिरी केल्या.

रेघांची जाडी मात्र पॅचच्या लाइनविड्थनं बदलत नाही. तिच्यासाठी आरसीपॅरॅम्स या मूळ मापांच्या यादीत हॅच.लाइनविड्थ हे वेगळं माप आहे आणि ते मुळात १.० असतं. छापखान्यातून नमुना आला तेव्हा दाट रेघांमध्ये शाई पसरून माण आणि आटपाडी काळेकुट्ट झाले होते. माप ०.४ केलं, चार रेघांच्या तीन केल्या. पुढच्या नमुन्यात रेघ आणि कागद दोन्ही वेगळे दिसले.

सूचीसाठी संग्रह स्वतःहून नोंदी देत नाही. प्रत्येक गटासाठी एक मोकळा पॅच तयार करून, त्याला तोच रंग आणि तीच रेखाछटा देऊन लेजेंडला द्यावा लागतो. सूचीतला चौकोन मुळात इतका बसका असतो की त्यात तिरप्या रेघा ओळखूच येत नाहीत. चौकोनाची लांबी (हँडललेंग्थ) ३ आणि उंची (हँडलहाइट) १.५ केल्यावर त्या दिसू लागल्या.

पीडीएफमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. मुखपृष्ठासाठी तालुक्यांच्या सीमा न दाखवता फक्त गटांचे सलग रंग हवे होते. एजकलर 'नन' केला, तर एकाच रंगाच्या शेजारी तालुक्यांमध्ये केसाएवढ्या पांढऱ्या फटी दिसू लागल्या. प्रत्येक आकाराची कड स्वतंत्रपणे मऊ केली जाते आणि दोन मऊ कडांमधून कागद डोकावतो. संग्रहाला एजकलर म्हणून 'फेस' असं सांगून ०.३ पॉइंटची जाडी दिली, म्हणजे प्रत्येक तालुक्याला त्याच्याच रंगाची बारीक कड. फटी मिटल्या.

आकारांचं प्रमाण राखायलाही एक ओळ लागते. अक्षांश-रेखांश तसेच आखले तर महाराष्ट्र किंचित आडवा पसरतो, कारण १९ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या एका अंशापेक्षा कमी लांबीचा असतो. सेट_अ‍ॅस्पेक्टला १.०६ दिलं की आकार जागेवर येतो. पर्जन्यमापक केंद्रांचे ठिपके मी सर्कलऐवजी स्कॅटरनं काढले. सर्कलची त्रिज्या अंशांत असल्यानं तो या प्रमाणात लंबगोल होतो, स्कॅटरचा ठिपका पॉइंटमध्ये असल्यानं गोलच राहतो.

मराठी नावांनी शेवटी परीक्षा घेतली. मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, सगळीकडे चौकोन येतात. देवनागरी फाँट दिला तरी मी वापरली त्या आवृत्तीत अक्षरं जोडली जात नव्हती: 'रत्नागिरी'तला त्न सुटा, 'सिंधुदुर्ग'ची वेलांटी स नंतर आणि रफार जागा सोडून. असं मराठी छापायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. एसव्हीजी.फाँटटाइप 'नन' ठेवून चित्र एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइलप्रकारात काढलं. मग मजकूर वळणांत न बदलता मजकूर म्हणूनच राहतो, आणि इंकस्केप या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर अक्षरं बरोबर जुळतात. छपाईची पीडीएफ तिथूनच केली.

अंक छापायला जाण्याआधी संपादकांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. "५५० ची सीमा तुम्ही कशी ठरवली? एखादा तालुका ५४५ चा असला आणि शेजारचा ५५५ चा, तर एकावर दाट रेघा, दुसऱ्यावर विरळ. दोघांचं रान तर एकच." मी सगळ्या सीमा पन्नास मिलिमीटरनं खालीवर सरकवून नकाशा पुन्हा काढला आणि कोणते तालुके गट बदलतात ते पाहिलं. सलग पट्टा तसाच राहिला. बदलले ते त्याच्या कडेचे तालुके. त्यांची यादी काढली, आणि नकाशाच्या बाजूला त्या तालुक्यांचा तक्ता छापला, प्रत्येकाचा सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये देऊन.